एका अंशाची लाज

मी एक जुना कोनमापक आहे. मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतला नव्हे; मोटारीच्या पोटाखाली आडवं होऊन वापरायचा. बिडाचा पाया, गोल तबकडी आणि आपल्याच वजनाने लोंबणारा पितळी काटा. पायात लोहचुंबक आहे, म्हणून लोखंडाला घट्ट धरून बसतो. माझी हकिकत अभिमानाने सांगण्यासारखी नाही. तरी सांगतो.

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला नवाकोरा घेतला, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. जुन्या मोटारींत इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या पुढे गिअरबॉक्स, मागे दोन्ही चाकांच्या मधला डिफरन्शियल. ह्या दोघांचा कल एकमेकांशी जुळला नाही, की शाफ्ट फिरताना थरथरतो आणि गाडीत बसणाऱ्याचं बूड बधिर होतं. तो कल मी सांगायचो. मिस्त्रीही काटेकोर. गाडी जॅकवर लोंबकळत ठेवून कधी मापायचे नाहीत. चारी चाकांवर उभी करून मगच खाली शिरायचे. "हा बोलला की विषय संपला," असं गिऱ्हाइकांना सांगायचे. मी फुगून जायचो.

एके दुपारी त्यांचा कोपर लागला आणि मी फरशीवर आपटलो. त्यांनी मला पुसलं, काच शाबूत आहे ना ते पाहिलं आणि जागेवर ठेवलं. पायाच्या कडेला चेपून बारीकसा उंचवटा आला होता. तो कुणी पाहिला नाही. त्या दिवसापासून मी एक अंश खोटं बोलू लागलो.

त्याच आठवड्यात एक डॉक्टरीणबाई आपली पन्नास वर्षांची मोटार घेऊन आल्या. मागच्या स्प्रिंगांचे पाटे बदलायचे होते. शाफ्ट बॅलन्सिंगला, म्हणजे फिरताना तोल राखतो का ते बघायला, गेला मिस्त्रींच्या दोस्ताकडे, समोरच्या लेथवाल्या काकांकडे. दोघांची दोस्ती तीस वर्षांची, एकमेकांचा डबा न विचारता उघडण्याइतकी. शाफ्ट बसल्यावर मिस्त्रींनी मला पुढे डाव्या बाजूने लावलं. मागे सायलेन्सरचा पाइप आड येत होता, म्हणून तिथे तोंड फिरवून उजव्या बाजूने. एकीकडे एक अंश जास्त, दुसरीकडे एक अंश कमी; माझी एका अंशाची चूक अशी दुप्पट झाली. नसलेल्या दोन अंशांसाठी त्यांनी पाट्यांखाली पाचर घातली.

गाडी साठच्या पुढे गेली, की थरथरायची. मिस्त्रींनी चाकं बदलून पाहिली, धावत्या गाडीचा गिअर काढून पाहिला. थरथर कायम. म्हणजे चाकं नव्हेत, इंजिनही नव्हे. राहिला शाफ्ट. कोन तर मी सांगितलेला! काकांनी दोनदा बॅलन्सिंग तपासलं आणि काम चोख आहे म्हणून सांगितलं. तेव्हा मिस्त्री चारचौघांत म्हणाले, "तुझे हात थरथरायला लागलेत. आता मशीन बंद कर."

दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानाला कुलूप. मी फळीवर मूग गिळून बसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभराने मिस्त्रींच्या सुनेने मला हातात घेतलं. हल्ली गॅरेज तीच बघते. तिने मला एकाच जागी आधी सरळ, मग उलट फिरवून ठेवलं. आकडे वेगळे आले. नखाने पाया चाचपून तिने विचारलं, "बाबा, ह्याला कधी तपासलंय?"

माझ्यावर शंका घ्यायचं मिस्त्रींच्या कधी मनातच आलं नव्हतं. पाचर काढली, गाडी लोण्यासारखी धावली, पण आनंद कुणालाच झाला नाही.

मला खिशात घालून मिस्त्री काकांच्या घरी गेले. दारातच उभे राहिले. "चूक माझ्या मापात होती," ते म्हणाले. "तुझ्या हातांत नव्हती."

काका चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "महिनाभर मी कप दोन्ही हातांनी धरतोय."

मग उठून त्यांनी कानस आणली आणि माझा उंचवटा घासून काढला. त्यांचा हात तसूभरही हलला नाही. त्यांच्या हातून दुरुस्त होताना मला जी लाज वाटली, ती फरशीवर पडतानाही वाटली नव्हती. मिस्त्रींनी दुकान उघडायची गळ घातली. काका म्हणाले, "हात चालतात रे. पण आता काम करताना मी कामाकडे नाही, हातांकडे बघत बसतो."

मित्रांनो, आता मी अचूक आहे. सूनबाई दर सोमवारी मला उलटसुलट ठेवून बघतात आणि मला त्याचा राग येत नाही. तुम्हीही आम्हाला तपासत जा. आम्ही पडलो तर नुसती काच बघू नका, पायही बघा. आणि कुणाच्या हातांना नावं ठेवण्याआधी तर नक्कीच बघा. मी घासून सरळ झालो. समोरचं दुकान अजून बंद आहे.