दुकानाच्या काचेतली जागा

रडवी पोरं हसवण्यात फोटोग्राफरचा हात धरणारा कोणी नव्हता. पोराला ‘हस’ म्हणून तो कधीच सांगत नसे. स्वतःचा बूट डोक्यावर ठेवायचा आणि तोच बूट खोलीभर शोधत फिरायचं. पोर खिदळलं की काम फत्ते.

अडली ती सख्खी नात. कॅमेरा दिसला की हनुवटी वर, हात गुडघ्यांवर, डोळे ताठ. दोष त्याचाच होता. ती बसायला लागली तेव्हापासून दिवे नीट लागलेत का हे बघायला तो तिलाच स्टुलावर बसवी आणि हलू नकोस म्हणून बजावी. पोरगी गुणी, शिकली.

एरवी हे खपून गेलं असतं. पण व्याह्यांनी मोबाइलवर नातीचं हसू नेमकं टिपलं, ते मोठं करून फ्रेममध्ये घातलं आणि प्रेमळ निरोप धाडला की रविवारी आणतो, तुमच्या दुकानाच्या काचेत लावू. व्याही जन्मभर विमा विकलेले. त्यांना नाही म्हणणं आजवर कोणाला जमलं नव्हतं. जन्म फोटोत घालवलेल्या माणसाच्या काचेत व्याह्यांनी काढलेला फोटो! बायकोने निकाल दिला : त्याहून चांगला काढा, मग तुमचा लावू.

शनिवारी बूट डोक्यावर चढला, खोलीभर फिरला.

“आजोबा, बूट डोक्यावरच आहे,” नात ओठ न हलवता म्हणाली. “तुझं झालं की सांग.”

शेवटी वैतागून तोच स्टुलावर बसला आणि तिला म्हणाला, तूच काढ आता. नात खोक्यावर चढून कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

“हनुवटी वर. असा लाकडासारखा काय बसलास? सहज बस ना.”

त्याने सहज बसण्याची जिवापाड खटपट केली. ती बघून नात पोट धरून हसत सुटली. जेवायला बोलवायला आलेली बायको दारातच थबकली.

रविवारी व्याही आले तेव्हा काच भरलेली होती. कॅमेऱ्यामागे हसून वाकडी झालेली नात आणि समोर पासपोर्टच्या फोटोला बसावं तसा आजोबा. व्याह्यांनी बगलेतली फ्रेम बगलेतच ठेवली आणि फोटो कोणी काढला म्हणून विचारलं.

“घरातच काढलाय,” फोटोग्राफर तोऱ्यात म्हणाला.

“मी काढला. मोबाइलवर,” बायको आतून म्हणाली.

व्याह्यांच्या तोंडावर असं मोकळं हसू पसरलं, की फोटोग्राफरचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला.