उजेड गिळणारी धूळ

कागद कोरडा व्हायला चोवीस तास लागतात. धूळताईला हे अकरा वर्षांपासून ठाऊक होतं, तरी सकाळपासून ती चौथ्यांदा वजनकाट्याच्या खोलीत डोकावून आली. काचेच्या बशीत मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढा गोल कागदी फिल्टर निवांत पडला होता. त्या इमारतीत निवांत तेवढा तोच.

"अगं, सारखं दार उघडून बाहेरचा दमटपणा आत नेतेस," प्रयोगशाळेचे सर चष्म्यावरून बघत म्हणाले. "कागद काय पळून जाणार आहे?"

"कागद नाही पळत सर. माझी सही पुढे पळालीय."

हवेतली धूळ मोजणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला धूळताई म्हणत. परवा ती रबरी पट्टे बनवणाऱ्या कारखान्यात गेली होती. तिथल्या एका खोलीत रबरात काजळी मिसळतात. तिचा धाकटा दीर त्याच खोलीत कामाला. दिवसभर यंत्र चाललं, पडद्यावर आकडा आला सव्वा, म्हणजे घनमीटरभर हवेत सव्वा मिलिग्रॅम धूळ. चालतं साडेतीनपर्यंत. काल दुपारी तिने अहवालावर सही ठोकली, कारखान्याला धाडला आणि मग यंत्र पुसायला बसली. पाठीमागची डबी उघडली, तर आतला फिल्टर काळाकुट्ट!

आता या यंत्राचा स्वभाव सांगायलाच हवा. डब्यात लेझरचा एक लाल किरण. छोटा पंप खोलीतली हवा त्या किरणातून ओढून नेतो. कण आडवा आला की उजेड चहूकडे विखुरतो, आणि बाजूला टपून बसलेला डोळा तो विखुरलेला उजेड मोजतो. जेवढा उजेड परत, तेवढी धूळ. पांढरी धूळ कशी, मोकळ्या मनाची. मिळालं तेवढं वाटून टाकते. काजळी मात्र अर्ध्याहून जास्त उजेड गिळते आणि गप्प बसते. मग डोळ्याला वाटतं, आलंच नाही कुणी! म्हणून दर वेळी धुळीच्या जातीप्रमाणे यंत्रात एक गुणक भरावा लागतो. तो काढायचा तर किरणातून पुढे गेलेली धूळ ज्या फिल्टरवर साठते, तो काट्यावर ठेवायचा.

मागच्या आठवड्यात ती चुन्याच्या कारखान्यात होती. तिथला गुणक एक. तो एक तसाच राहिला होता का? आणि राहिलाच असेल तर केवढ्याने चुकलं? पडद्यावर नुसता गुणक बघून ते कळणार नव्हतं, ते काटाच सांगणार होता.

काल तिने सरांना कागद दाखवला, तेव्हा ते म्हणाले होते, "पांढऱ्या कागदावर चिमूटभर काजळीही डोंगराएवढी दिसते. चुना मूठभर पडला तरी दिसत नाही. डोळ्यांवर जाऊ नकोस. वजन कर." ते खरंच होतं. कोरा फिल्टर आधी तोलून डबीच्या झाकणावर वजन लिहायची तिला जुनी खोड होती. बाकीचे त्यावरून तिला हसत. त्याच खोडीमुळे आज निदान वाट बघण्यासारखं काही होतं.

पण दीर थांबणार होता का? सकाळी बुटांच्या नाड्या बांधत तो मजेत होता.

"वहिनी, आजपासून मास्क सुटला! तुमचा अहवाल साहेबांनी फळ्यावर लावलाय. मी सगळ्यांना सांगितलं, खुद्द माझ्या वहिनीने मोजलंय, बिनधास्त काढा."

"भाऊजी, आजच्या दिवस घाला ना."

"का हो? सही तुमचीच ना?"

"सही माझीच. म्हणूनच सांगतेय. मला शंका आहे."

"तुम्हाला मिठातसुद्धा शंका असते," तो हसला. हसता हसता खोकला आला, रुमाल तोंडाशी गेला. तिने रुमालाकडे पाहिलेलं बघून तो म्हणाला, "काजळीचं काम आहे वहिनी. कोळसा उगाळावा तितका काळाच. आणि मास्कमध्ये नाक असं खाजतं म्हणता!"

मास्क खुंटीवरच राहिला. जाताना तिने तो आपल्या पिशवीत टाकला.

अकरा वाजता तिने कारखान्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, लेखी आकडा सव्वा आहे. शंकेचा आकडा किती?" "तीन वाजता सांगते," ती म्हणाली. बारा वाजले. दिराची पाळी सकाळीच सुरू झाली होती. जेवणाचा डबा तिने उघडून तसाच मिटला. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण नाचत होते, आणि ती त्यांच्याकडे बघत पुटपुटत होती, "देवा, माझी भीती खोटी ठरव. मला वेडी ठरव, चालेल."

"देव पाण्यात घालून बसलीस वाटतं," सर म्हणाले. पण मग तेही खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

तीन वाजले. तिने चिमट्याने फिल्टर काट्यावर ठेवला. आकड्याला स्थिर व्हायला वेळ लागला. झाकणावरचं वजन वजा केलं: चार मिलिग्रॅम. आठ तासांत यंत्राने ओढलेली हवा जवळजवळ एक घनमीटर. म्हणजे सव्वा नव्हे, चाराच्याही वर.

तिने यंत्राचा गुणक उघडून पाहिला. एक. चुन्याचाच.

"यंत्रात बिघाड होता असं लिही," सर हळूच म्हणाले. "होतं असं."

"यंत्राने जे दिसलं तेच सांगितलं, सर. काय विचारायचं ते मी चुकले." आणि तिने लिहिलं: गुणक बदलायचा माझ्याकडून राहिला, आधीचा अहवाल रद्द समजावा. खाली सही. सरांनी त्याखाली आपलीही केली.

कारखान्याच्या फाटकावरून तिने दिराला निरोप धाडला. तो धावतच आला. दात आणि डोळे सोडले तर सगळा काळा.

"वहिनी? घरी काही झालं का?"

"घरी नाही. माझ्या हातून झालंय. आकडा चुकला, भाऊजी. तिप्पट आहे धूळ."

त्याने आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"आत अकरा जण आहेत," तो म्हणाला. "त्यांनी माझ्या शब्दावर मास्क काढलेत. आता मला वेड्यात काढतील."

"मला काढा म्हणावं. मी येते आत."

"नको." तिच्या हातातला मास्क घेऊन त्याने नाकावर चढवला. कापडाआडून आवाज दबका आला. "मी सांगितलं म्हणून काढले, मीच सांगतो घाला म्हणून. तुम्ही साहेबांना गाठा. आणि वहिनी..."

"काय?"

"मिठाचीही माफी मागतो."

तो वळून आत पळाला. ती कागद छातीशी धरून साहेबांच्या खोलीचा जिना चढू लागली, एकदम दोन-दोन पायऱ्या. खालून कुणाचा तरी चिडका आवाज आला, "सकाळी काढा, दुपारी घाला, खेळ चाललाय काय?" आणि दिराचं दबकं उत्तर: "खेळच समज. पण आधी घाल."