नरवाई

“पहिल्यानं हाक दिली गं, तिसऱ्यानं ओ दिली,
चवथ्याच्या मागोमाग दुसऱ्याची पाळी आली.”

अण्णांचा हा आवाज जयूच्या कानात लहानपणापासून राहून गेला होता. तेव्हा अण्णा, म्हणजे गोपाळकृष्ण मास्तर, आयटीआयत मोटार मेकॅनिकचा वर्ग घ्यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी फ्रॉकातल्या जयूला बॉनेटपाशी स्टुलावर उभं करायचे. इंजिनात चार सिलिंडर. त्यांत ठिणगी पडायची ती अशा क्रमानं: एक, तीन, चार, दोन. वर्गातल्या मुलांना तो पाठ होत नसे, म्हणून अण्णांनी तो आपल्या आईच्या जात्यावरच्या चालीत बसवला होता. “चौघं भाऊ आहेत, जयू. एका घरात राहतात, पण एकदम बोलत नाहीत. पाळीनं बोलतात. एक मुका झाला की घर थरथरतं. बघू नकोस नुसती. ऐक.”

आज घर थरथरत होतं, आणि अण्णाच गप्प होते.

माधव नगरातल्या घरापुढं जुनी पांढरी गाडी चालू उभी होती. बॉनेट उघडं. इंजिन दर काही ठोक्यांनी अडखळत होतं, उंबऱ्याला ठेच लागल्यासारखं. गाडी विकायची घाई जयूच्या धाकट्या भावाला, अभिजीतला होती. ग्राहक म्हणाला होता, भैया, मिसिंग निकलवा दो, फिर बात करते हैं. बाहेरच्या मिस्त्रीकडं न्यायला अभिजीत तयार नव्हता, का ते त्यानं सांगितलं नव्हतं. रविवार होता, जयू शिकवायची त्या शाळेला सुट्टी होती. ती फ्रीगंजातल्या आपल्या घरून हत्यारांची पेटी घेऊन आली होती.

अण्णा वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांना आता धूसर दिसायचं, आणि हात असे कापायचे की कप बशीत वाजत राहायचा. पण कान शाबूत होते. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर आली तरी तिचा क्लच घसरतोय हे ते घरात बसून सांगत.

“अण्णा, कितवा मुका आहे, सांगा ना,” जयू हसत म्हणाली.

“बघ तूच.”

“तुम्हाला कळलं असेल केव्हाच.”

“ऐकू येत नाही हल्ली,” अण्णा म्हणाले, आणि मान फिरवून तुळशीकडं बघत राहिले.

जयूचं हसू ओठावरच राहिलं. या घरात हसणं तसंही होळीनंतर संपलं होतं.

उण्हेलच्या रस्त्याला त्यांचं थोडं शेत होतं. कुणा पूर्वजाला दरबारच्या चाकरीत मिळालेलं, वाटण्या होत होत उरलेलं. ते बापू बघायचा. बापू आणि त्याची बायको मीराबाई, दोघं शेतातल्याच झोपडीत राहायची. जयूच्या लग्नात मीराबाई पहाटेपर्यंत माळवी गाणी म्हणत बसली होती, आणि सासरी निघताना तिनं जयूच्या ओटीत गव्हाच्या ओंब्या घातल्या होत्या. “जीजी, भर्‍यो रीजे थारो घर,” म्हणाली होती. तुझं घर भरलेलं राहो.

यंदा गहू कापून झाल्यावर दरसालासारखं सगळे बांधावरच्या भेरूला, म्हणजे भैरवाला, दाल-बाफल्यांचा नैवेद्य दाखवायला गेले. जयू तेवढी पेपर तपासत घरी राहिली. कापलेलं शेत म्हणजे लेक सासरी गेलेलं अंगण. उरतात नुसते खुंट, वाळलेले, उभे. माळव्यात त्यांना नरवाई म्हणतात. काडी लागली की नरवाई वाऱ्याच्या आधी पळते, म्हणून ती जाळायला बंदी आहे.

नैवेद्य आटोपून गाडी परतली. घरी पोचेपर्यंत फोन आला होता. आग खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, झाडापासून निघून झोपडीपर्यंत गेली होती. मीराबाई वासरू सोडायला आत शिरली. वासरू बाहेर आलं. छप्पर मीराबाईवर आलं.

गाडी गेल्यावर त्याच खाखऱ्याखाली बसून बापूनं बीडी ओढली होती. विझवली होती की नव्हती, त्याला आठवत नव्हतं. पोलिसांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला होता, “म्हारी बीडी होगी, साब.” मीराबाईच्या भावांनी तिच्या चितेला त्याला हात लावू दिला नाही. तो जामिनावर होता, उद्या कोर्टात पेशी होती, आणि वकील काहीही म्हणो, तो गुन्हा कबूल करणार होता. त्याला सोडवून घ्यायचंच नव्हतं.

जयू ड्रायव्हरच्या सीटवर बसली. इंजिन एवढं अडखळतंय तर डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायला हवा. तिथं काळोख होता. बल्ब गेला असेल म्हणून तिनं बोट फिरवलं. बोटाला काहीतरी गोल, उंच लागलं. तिनं नखानं उचकटलं.

टिकली होती. मोठी, मरून रंगाची, मखमली. तिच्याखाली दिवा उघडझाप करत होता.

नुसता लागलेला दिवा म्हणजे सवडीनं दाखवा. उघडझाप म्हणजे आत्ताच्या आत्ता थांबा.

तेवढ्यात अभिजीतची बायको शर्वरी चहा घेऊन आली. जयूच्या बोटावरची टिकली बघून म्हणाली, “अय्या, ही कुठून? आईंची आहे ना ही?”

“तुझी नाही?”

“मी इतकी मोठी कुठं लावते, ताई? आईंचं पाकीट आहे अजून अण्णांच्या आरशाला खोचलेलं. अण्णा काढू देत नाहीत.”

जयूनं टिकली हातावर धरून अण्णांसमोर नेली. जयूच्या आईला, सुनंदाबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती.

“ही तुम्ही लावलीत?”

“डोळ्यात खुपत होता तो दिवा,” अण्णा म्हणाले. कप बशीत वाजायला लागला. शर्वरीनं तो काढून घेतला.

जयू बॉनेटकडं वळली. एकेका प्लगची वायर काढायची आणि ऐकायचं, हे अण्णांनीच शिकवलेलं. चालत्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन कण्हतं, आणखी लंगडं होतं. मुक्याची काढली तर काहीच होत नाही. जो बोलतच नव्हता तो गप्प झाल्याचं कुणाला कळणार? पहिल्याची काढली, इंजिन लंगडलं. तिसरा, तेच. चौथा, तेच. दुसऱ्याची वायर तिनं काढली आणि आवाजात तीळभर फरक पडला नाही.

इंजिन बंद केलं. निवल्यावर पान्यानं दुसरा प्लग हळूहळू फिरवून बाहेर काढला. ओला होता, पेट्रोलचा भपकारा आला. आणि त्याच्या पांढऱ्या चिनीमातीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत केसासारखी चीर होती. प्लग नवा होता. पाना तिरका बसला, हात हलला, की नव्या प्लगला अशीच चीर जाते.

होळीच्या आधी प्लग अण्णांनी बदलले होते. कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

ठिणगी पडली नाही तर पेट्रोल जळत नाही, तसंच पुढं जातं. पुढं, गाडीच्या पोटाखाली, धूर गाळणारा डबा असतो, आत बारीक जाळी. तिथं आधीच चूल पेटलेली. ते कच्चं पेट्रोल तिथं जाऊन जळतं आणि डबा निखाऱ्यासारखा लाल होतो. हे सगळं तिला पाठ होतं. तरी तिनं जॅक लावला, टायरांना विटा लावल्या, पोतं अंथरलं आणि टॉर्च घेऊन खाली शिरली. खोटं ठरावं म्हणून.

डबा निळाजांभळा पडला होता, तव्यावर करपलेल्या वांग्याच्या सालीसारखा. त्याच्याभोवती पत्र्याचं कवच असतं. कवच आणि डबा यांच्या फटीत काड्या होत्या. जळून काळ्या झालेल्या, आतून पोकळ, गव्हाच्या.

तिनं एक काडी ओढली. बोटांत तिची राख झाली.

ती पोत्यावर तशीच पडून राहिली. वर लोखंड, खाली फरशी. तिला एकदम मीराबाईवर पडलेलं छप्पर आठवलं आणि ती धडपडत बाहेर आली.

समोर अभिजीत उभा होता.

“झालं का काम?”

“अभि, त्या दिवशी गाडी कुठं उभी होती?”

“खाखऱ्याखाली. का?”

“नरवाईवर?”

“अगं, शेतात काय गालिचा असतो?”

“चालू होती?”

अभिजीत हळू आवाजात म्हणाला, “अण्णांना ऊन सोसत नाही. एसी लावून बसवलं होतं त्यांना. पूजा होईपर्यंत. झटके देत होती, पण ते म्हणाले, चालू राहू दे, काही होत नाही. मास्तर म्हणाले म्हटल्यावर मी काय बोलणार?”

“तुला कळलं होतं.”

“मला काही कळलं नव्हतं! वाटलं होतं. वाटणं म्हणजे कळणं नाही, ताई. तू नवा प्लग लाव, खालून पाण्याचा पाइप मार, आणि जाऊ दे गाडीला.”

“आणि बापूला?”

“बापू स्वतःच म्हणतोय ना बीडी होती! आपण सांगितलं का त्याला? वकील मी दिलाय, जामीन मी दिलाय. अजून काय करायचं? अण्णांना या वयात कोर्टात उभं करू? मीराबाई येणार आहे का परत?”

“तो रोज मारतोय तिला, अभि. रोज. स्वतःच्या बीडीनं.”

“हळू बोल.”

“कुणी ऐकेल म्हणून? ज्यांनी ऐकायचं ते बसलेत ना इथंच. कान चांगले आहेत त्यांचे.”

दोघांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा मांडीवर एका हातानं दुसरा हात दाबून बसले होते, पाखरू धरल्यासारखा.

फाटकाची कडी वाजली.

बापू होता. धोतर धुतलेलं, डोक्याचा गोटा केलेला, एका हातावर भाजल्याचे पांढरे डाग. पायऱ्यांशी चपला काढून तो खालीच उकिडवा बसला.

“ऊपर बैठो ना, बापू,” शर्वरी म्हणाली.

“नी, बाई. याँज ठीक हूँ.” त्यानं गाठीतून किल्ली काढली आणि अण्णांच्या खुर्चीजवळ फरशीवर ठेवली. “मास्टरसाब, कुएँ की मोटर की चाबी। कल के बाद पता नी कब आऊँ। बछड़ो पड़ोस में बाँध दियो है।”

अण्णांनी किल्लीकडं पाहिलं नाही.

“वकील साब बोलते हैं, मत बोल,” बापू जयूकडं बघून म्हणाला. “पर जीजी, मैं जज साब से बोलूँगा। बोलूँगा तो सज़ा होगी, सज़ा होगी तो नींद आएगी। अभी तो आँख मूँदता हूँ तो बीडी दिखती है। लाल-लाल। बुझाता हूँ, बुझाता हूँ, बुझती नी।”

जयू पुढं झाली. तिच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. अभिजीतनं तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की काळं तेल त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला लागलं.

“ताई. अण्णांकडं बघ.”

अण्णा उठत होते. खुर्चीचा हात सुटला, ते झोकांडले. शर्वरी धावली, त्यांनी तिला दूर केलं. एकेक पाऊल चाचपत पायऱ्यांशी आले आणि गुडघे वाजवत बापूसमोर खाली फरशीवर बसले. इतक्या वर्षांत मास्तर असे कधी बापूसमोर बसले नव्हते. बापू घाबरून मागं सरकला.

“अरे, मास्टरसाब, यो काँई करो...”

“बीडी नहीं थी, बापू।”

“क्या?”

“तेरी बीडी नहीं थी। गाड़ी थी।” अण्णांनी कापणारा हात वर धरला. “हा हात होता. प्लग कसताना टक् झालं, मी ऐकलं. चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, टक् झालं की प्लग फेकून द्या. मी नाही फेकला. म्हटलं, पोरं म्हणतील, मास्तर संपले. दिवा लागला, तो मी झाकला.”

“अण्णा, बस झालं,” अभिजीत म्हणाला.

“थांब रे. अजून सांगितलंच नाही मी.” अण्णांनी बापूचा डागाळलेला हात शोधला. बापूनं तो ओढून घेतला नाही, दिलाही नाही. तो नुसता बघत होता.

हिंदी केव्हाच संपली होती. अण्णा मराठीतच बोलत राहिले. बापूला ती सगळी कळत होती.

“तुम्ही सगळे भेरूपाशी होतात. मीराबाई गात होती. मी एकटा गाडीत होतो, काचा वर करून. पायाखालचा पत्रा तापला, मला कळलं. मग वास आला. पेट्रोलचा नाही, बापू. गवताचा. वाळलं गवत धुमसतं ना, तसा. मला सगळं कळलं. काच खाली करून एक हाक मारायची होती. पण हाक मारली असती तर अभिनं बॉनेट उघडलं असतं, आणि माझा प्लग सगळ्यांना दिसला असता. म्हणून मी गप्प बसलो. अभि आल्यावर म्हटलं, चल, घरी चल लवकर. मागं वळून पाहिलं नाही.”