धूर दिसतोय तोवर

रानात राहायला जायची हौस त्याची, तिची नव्हे. आयुष्यभर बस चालवून हॉर्नने त्याचे कान किटले होते. निवृत्त झाला आणि गडी हट्टालाच पेटला. बायको म्हणाली, "तुमच्यापुढे डोकं कोण फोडणार," आणि बांधाबांध करायला लागली.

सुरुवातीचे दिवस खरंच झकास गेले. अंगणात हरणं यायची, झोप गाढ लागायची, बायकोसुद्धा काम करताना गुणगुणायला लागली. मग थंडी आली. बादलीतलं पाणी गोठायचं, उंदरांनी धान्य फस्त केलं, फोनला रेंज म्हणून नाही. दरीपलीकडे तिचा धाकटा भाऊ बायकोसोबत राहायचा, लाकूडतोडीची कामं करायचा. तो बिचारा रोज सकाळी दरी उतरून ताईची खबर घ्यायला यायचा, तर याला तेही खुपलं. एकदा तोंडावरच म्हणाला, "रोज चहा ढोसायला कशाला येतोस? आमच्या धुराड्यातून धूर दिसला की समज, आम्ही मजेत आहोत. नाही दिसला तर ये."

मेहुणा हसला, पण मनाला लावून घेतलं त्याने. पुन्हा फिरकला नाही.

बायकोला ताप चढला तेव्हा याने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, काढा पाजला. सरपण आणायला बाहेर गेला, तर उतारावरचा ओंडका गडगडत येऊन पायावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. कसाबसा फरपटत घरात आला. बायकोला धाप लागली होती. त्याने चूल ढणढणती ठेवली, सरपण संपल्यावर खुर्च्या मोडून घातल्या आणि मेहुण्याच्या नावाने बोटं मोडत बसला. सख्खी बहीण अंथरुणाला खिळलीय अन् या पठ्ठ्याला पत्ता नाही!

"तो कसा येईल?" बायको पुटपुटली. "धूर दिसतोय ना त्याला."

चूल विझवावी तर ही गारठणार, न विझवावी तर कुणी येणार नाही. आपल्याच तोंडाने हे करून ठेवलं होतं, दोष तरी कुणाला देणार?

"विझवा," ती म्हणाली. "धावत येईल तो."

उजाडायच्या आत त्याने चुलीत पाणी ओतलं. घरातलं होतं नव्हतं ते पांघरूण तिच्या अंगावर घातलं आणि तिला छातीशी धरून दाराकडे बघत पडला. सकाळ गेली, उन्हं वर आली. तिचे हात थरथरत होते, ते थांबले. आता तिला बरं वाटतंय, असं तो स्वतःला समजावत राहिला.

मेहुणा आला तो दुपार कलल्यावर. ताईच्या गार पडलेल्या कपाळावर हात ठेवला.

"धूर नाही हे सकाळीच बघितलं, दाजी," तो म्हणाला. "निघालोही होतो. मग म्हटलं, सरपण ओलं असेल, उठायला उशीर झाला असेल. लगेच धावलो तर म्हणाल, आलास चहा ढोसायला."

मेहुण्याने बाहीने डोळे पुसले. दाजींना तरी ऊब मिळावी म्हणून चुलीतली ओली राख बाजूला केली आणि काडेपेटी काढली.

"नको पेटवूस," हा म्हणाला. "तिकडे तुझी बायको बघत असेल. तिला वाटेल, आम्ही मजेत आहोत."