धावपट्टीच्या वाटेतला बंगला

चूक मोठ्या सरांची होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दोषी कोण हे शोधत तुम्हाला शेवटपर्यंत बसायला नको. लंबूची चूक नव्हती, विजेची नव्हती, आणि माझी तर नव्हतीच.

मी संगणकातली मेमरीची पट्टी बोलतेय. दोन बोटं रुंद, वीतभरही लांब नाही, हिरवी, अंगावर आठ काळे चौकोन. संगणक ज्या क्षणी जे करत असतो, ते त्या क्षणी माझ्या अंगावर असतं. वीज गेली की माझ्यातलं सगळं पुसलं जातं असं शिकवतात. कामाचं पुसलं जातं, खरंय. माणसं नाही पुसली जात. गेली असती तर बरं झालं असतं, थकवा तरी कमी झाला असता.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे बायका डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या असत आणि शिंकायचं झालं तर बाहेर जाऊन शिंकत. मला तापवलं, गारठवलं, भरलं, रिकामं केलं आणि 'पास' असा शिक्का मारला. माणसांना तीन संधी मिळतात, आम्हाला एकच. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मी आणि माझी जोडीची बहीण, दोघींना एका वैमानिक प्रशिक्षण केंद्रातल्या सिम्युलेटरमध्ये बसवलं. सिम्युलेटर म्हणजे खोटं विमान. दोन खुर्च्या, खऱ्या विमानासारखं सुकाणू, समोर तीन पडदे. खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान. आकाशात दहा हजार फुटांवर असताना खालून हवा भरायच्या पंपाचा आवाज यायचा.

केंद्र मोठ्या सरांचं. निवृत्त वैमानिक, मिशा इस्त्री केल्यासारख्या. पहिलं वर्ष बरं गेलं. सीनरी तीनच होत्या. सीनरी म्हणजे खिडकीतून दिसणारं जग. मूळ प्रोग्रामबरोबर जग येतंच, पण ओबडधोबड, सगळीकडे तीच झाडं आणि तीच घरं. मग बारकाईने केलेली गावं, विमानतळ वेगळे आणून जोडायचे. यादीत नावापुढे टिक केली की ते चालू, टिक काढली की बंद. बंद केलं म्हणून काही मरत नाही, डिस्कवर झोपून राहतं.

सरांना मात्र झोपलेलं काही बघवत नसे. तिनाच्या तीस झाल्या, तिसाच्या एकशे चाळीस. बर्फाचे डोंगर, बेटं, जिथे हे केंद्र आयुष्यात कधी कुणाला पाठवणार नव्हतं ते वाळवंट, सगळ्यांपुढे टिक. प्रोग्राम सुरू होताना टिक असलेल्या प्रत्येकाची हजेरी घ्यायचा आणि प्रत्येकाचं काही ना काही आणून माझ्यावर टाकायचा. वर जुना प्रोग्राम, मागे पडलेलं गाव चटकन सोडायचा नाही. तास-दीड तास उडालं की मी आणि बहीण गळ्यापर्यंत भरलेल्या. मग पडदा अडखळायचा. त्याहून भरलं की प्रोग्राम सरळ मान टाकायचा.

हे सगळं ज्याला कळत होतं तो लंबू. शिकाऊ वैमानिक. उंच इतका की खुर्ची मागे सरकवल्याशिवाय गुडघे मावत नसत. त्याचे वडील शिंपी, वीस वर्षं सरांचे गणवेश तेच शिवत आलेले, त्या ओळखीवर प्रवेश. संगणकातलं त्याला कळतं म्हटल्यावर यंत्र सांभाळायचं कामही त्याच्याच गळ्यात. रोज सकाळी येऊन तो नको त्या टिका काढायचा, रोज दुपारी सर त्या परत मारायचे.

"सर, आज दोनच विमानतळ लागणारेत. बाकीचे बंद ठेवू?"

"बंद कशाला? कुणी बघायला आलं तर काय दाखवू, टायरचं दुकान?"

"मेमरी भरते सर. मध्येच अडखळतं."

"अरे, तुझ्या वयाइतकी वर्षं मी उडवलंय. तू मला मेमरी शिकवणार?"

हे वाक्य सर आठवड्यातून चारदा म्हणत, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं.

आमच्या गावाची सीनरी बाजारात नव्हती. ती लंबूने स्वतः केली, चार महिने खपून. धावपट्टी, पाण्याचा टॉवर, गोदामं, सगळं मापात, हलकं. माझ्यावर ते गाव उतरायचं तेव्हा भार जाणवायचाच नाही. काम असं असावं. सरांनी बघितली आणि म्हणाले, "माझा बंगला कुठंय?"

बंगला धावपट्टीच्या बरोबर रेषेत, चार मैल अलीकडे. उतरणारं प्रत्येक विमान त्याच्यावरून जायचं. लंबूने घातला.

"हे खोकं आहे. गच्ची कुठंय? वेल कुठंय?"

गच्ची आली. वेल आली. मग सरांच्या पत्नी स्वतः आल्या, पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "खिडक्यांचे पडदे निळे आहेत हो आमचे. हे हिरवे शेजाऱ्यांचे."

पडदे निळे झाले. सरांनी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून दिले, प्रत्येक फोटो भलामोठा. लंबू म्हणाला, "छोटे करतो सर, एवढे लागत नाहीत, वरून कुणाला दिसणारेत?" सर म्हणाले, "छोटे केलेस की अंधूक होतील. आहेत तसे लाव." त्याने लावले. आपली परीक्षा ज्याच्या हातात आहे त्याला माणूस नाही म्हणत नाही. अख्खा विमानतळ मावला असता एवढी जागा त्या एका बंगल्याला लागायची. आम्हा दोघी बहिणींना तो चार मैल आधीपासून कळायचा. पाहुणे आले की सर मुद्दाम त्यावरून विमान नेत आणि म्हणत, "ते बघा, आमचं."

आता परीक्षेचं सांगते. खऱ्या विमानात बसायला मिळण्याआधी सिम्युलेटरवर परीक्षा. संधी तीन. तिन्ही गेल्या की उमेदवार कायमचा बाद, दुसऱ्या केंद्रातही नाही. लंबूची पहिली संधी आडव्या वाऱ्यात गेली, ती त्याची चूक. दुसरीत उंची वाचण्यात चुकला, तीही त्याचीच. मी कुणाची वकिली करत नाही. तिसरीसाठी मात्र त्याने स्वतःला इतकं घासलं होतं की माझ्यावरून त्याच्या शंभर उतरणी गेल्या आणि शेवटच्या साठांत बोट ठेवायला जागा नव्हती.

त्या दिवशी तो सकाळी लवकर आला. यादी उघडली, टिका काढल्या. निघायचा विमानतळ आणि आमचं गाव, दोनच ठेवले. गावातूनही बंगला काढला. एकदा चालवून बघितलं. मी निम्मीसुद्धा भरले नव्हते. किती दिवसांनी अंगावर रिकामी जागा होती. समाधानाने तो तोंड धुवायला गेला.

तेवढ्यात सर आले. यादी बघितली, "ह्या पोराला अक्कल नाही," म्हणाले, आणि सगळं निवडून एका फटक्यात टिका मारल्या. बंगल्यासकट. मग परीक्षक आले. बारीक आवाजाचे गृहस्थ, हातात पॅड. सरांनी त्यांना बर्फाचे डोंगर दाखवले, बेटं दाखवली, दहा मिनिटं जगाची सहल. लंबू परत आला तेव्हा परीक्षक मागे खुर्ची टाकून बसले होते.

त्याने हळूच विचारलं, "सर, यादीला हात नाही ना लावला?"

"परीक्षेत लक्ष दे. सारखी यादी यादी."

एक तास दहा मिनिटांचं उड्डाण. तो सुंदर उडवत होता. मी भरत होते. चाळिसाव्या मिनिटाला मी तीन चतुर्थांश झाले, तासाला गळ्याशी आलं. मागच्या गावाची गोदामं, न लागणारी बेटं, वाळवंट, सगळं धरून मी उभी. धावपट्टी समोर दिसायला लागली, वेग बरोबर, उंची बरोबर. आणि चार मैलांवर प्रोग्रामने बंगला मागवला. भिंती आल्या. गच्ची आली. वेल पानापानाने आली. पडदा अडखळला.

इथे लंबूचा हात उठला. दुसरा कुणी उमेदवार असता तर सुकाणू धरून गप्प बसला असता. हा रोज हे यंत्र सांभाळणारा. अडखळलं की कीबोर्डवरून तपशील कमी करायचा, हे त्याच्या हाताला इतकं पाठ झालेलं की परीक्षा आहे हे हात विसरला. परीक्षेत उमेदवाराने कीबोर्डला हात लावायचा नाही, असा नियम. हात उठला, कीबोर्डच्या वर गेला, आणि निळे पडदे माझ्यावर उतरले. मग जागा उरली नाही. समोरचे तिन्ही पडदे काळे.

त्याने कळ दाबली नव्हती. मी शपथेवर सांगते. कळ दाबली की ती माझ्यावरून जाते. आली नव्हती.

परीक्षक म्हणाले, "कीबोर्ड वापरलात?"

"वापरणार होतो. वापरला नाही."

"का पण?"

"अडखळायला लागलं होतं. तपशील कमी करणार होतो."

"परीक्षेत ते तुमचं काम आहे?"

"रोज माझंच असतं."

परीक्षक वाईट नव्हते. सरांकडे वळून म्हणाले, "यंत्र बंद पडलं असेल तर तसं लिहून द्या. परीक्षा पुन्हा घेऊ, ही संधी मोजली जाणार नाही."

एवढंच होतं. एक ओळ. सरांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "यंत्र उत्तम आहे. पोरगा घाबरला की बटणं दाबतो."

आठवड्याच्या आत सरांनी सिम्युलेटरमध्ये दुप्पट मेमरी बसवली. उत्तम यंत्राला दुप्पट मेमरी कशाला लागली, हे कुणी विचारलं नाही. बहीण कुठल्याशा खोक्यात गेली. मला केंद्राच्या कचेरीतल्या संगणकात घातलं, जिथे पत्रं टाइप होतात. त्या परीक्षेचं पत्रही तिथेच झालं. 'उमेदवाराने नियमबाह्य कीबोर्ड वापरल्यामुळे सत्र बंद पडले.' सर सांगत होते, टायपिस्टबाई मारत होत्या. एवढ्या ओळीला माझ्यावर लागते किती जागा? बंगल्याच्या पडद्याच्या एका घडीएवढीही नाही. तरी ती जड होती.

पत्र जायच्या आदल्या दिवशी दुपारी लंबू वडिलांना घेऊन आला.

"सर, एक ओळ बदला. यंत्र बंद पडलं, एवढंच लिहा."

"आणि केंद्राची मान्यता गेली तर? बाकीच्या चाळीस मुलांनी काय करायचं?"

"चाळीस मुलांचं नाव कशाला घेता? बंगला तुमचा होता."

"तोंड सांभाळ," हे वडील म्हणाले. सर नाही, वडील. "सर आहेत ते. सर, मनावर घेऊ नका, पोर तापट आहे. कोट खांद्यात ओढतोय का हो? द्या, सैल करून देतो."

सरांनी खरंच कोट काढून दिला. वडिलांनी खरंच घेतला. मी पुष्कळ माणसं बघितली, इतकं दमवणारं काही बघितलं नाही.

मग सर मायेने म्हणाले, "तू हुशार आहेस रे. सीनरी झकास करतोस. इथेच राहा, मशीन सांभाळ. सगळ्यांनीच उडवायला हवं असं थोडंच आहे?"

लंबू म्हणाला, "यादी तुम्हीच सांभाळा सर." आणि गेला. वडील कोट हातावर टाकून मागोमाग. पत्र दुसऱ्या दिवशी तसंच गेलं.

आता मी या कचेरीत रजेचे अर्ज आणि वेळापत्रकं उचलते. काम हलकं आहे, मी मात्र हलकी झाले नाही. खाचेतली धूळ कुणी पुसत नाही. एक दिवस मलाही काढतील, त्याचं मला काही नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल तर जे लागत नाही त्याची टिक काढत जा. कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याचं वय बघू नका. माझं एवढंच, येते मी.

लंबू तिसऱ्या संधीत नापास, अशी नोंद आहे. चौथी संधी नाही. तो चोवीस वर्षांचा आहे, आणि त्याला कधीही विमान चालवता येणार नाही.