चार पीस

फोनवर मी मोठ्यानं बोलतो, म्हणून हितेश मला हसतो. न्यूझीलंड लांब असलं तरी ओरडावं लागत नाही, म्हणतो. त्याला काय कळतंय. माझी बायको सुंदरा गेल्यापासून या घरात बोलतो तो मीच. तो आवाज तरी मोठा नको का?

हितेश माझा एकुलता एक. तिकडे दुधाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो आणि सुट्टीला नदीवर मासे धरतो, तेही गांडूळ न लावता. पिसांची खोटी माशी बनवून पाण्यावर टाकतात म्हणे, आणि मासा फसतो. फसलेला मासा पुन्हा सोडूनही देतात. काळू नदीच्या डोहावर याला गळ टाकायला मी शिकवलं, आणि या शहाण्याला आता मासा खायचाच नसतो.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी त्याचा फोन आला.

"बाबा, तुमाला इकडची गळाची काठी घेतोय. किती पीस पायजे? दोन, चार, का सहा?"

"पिसं कशाला रे? कोंबडीची पिसं हितं रग्गड हायेत."

"पिसं नाय हो. पीस. इंग्रजी पीस."

"मंग तसं बोल ना. इचार करून सांगतो."

इंग्रजी पीस मला कळतो. मुरबाडच्या बाजारात कप घ्या, बादली घ्या, दुकानदार विचारतोच, किती पीस देऊ? पीस म्हणजे नग.

मी आठवडाभर विचार केला. दोन म्हणजे मी आणि हितेश. पूर्वी आम्ही दोघंच डोहावर बसायचो, दुपारपर्यंत एकमेकांशी अक्षर बोलायचो नाही, आणि तेवढं सुख मला पुन्हा कशात मिळालेलं नाही. पण दोनच सांगितल्या तर सून, नेहा, म्हणणार की सासऱ्यानं मला धरलंच नाही. आणि दिशा? नात तिकडेच जन्मली. मी अजून तिला उचलून घेतलेलं नाही, फोनच्या काचेवरच काय ते गाल ओढलेत. म्हणजे चार. सहाचा मात्र मला राग आला. आणखी दोन कोण? नेहाचे आईबाप कल्याणला असतात. व्याही माणूस बरा आहे, पण पाण्याकाठी तो गप्प बसणार नाही आणि मासे पळवील.

'कधी येणार' हे मी हितेशला हल्ली विचारत नसे. विचारलं की तो 'बघू' म्हणतो, आणि मग आम्ही दोघं तिकडच्या थंडीवर बोलत बसतो. आता न विचारताच उत्तर मिळालं होतं.

"चार घे," मी पुढच्या रविवारी सांगितलं. "सहा नको."

"मी पण चारच म्हणणार होतो. इमानात बॅगेत नीट मावतं."

विमानात म्हणाला. पुढचं मी काही ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन डोहाच्या वाटेवरच्या करवंदीच्या जाळ्या तोडल्या. बसायला सपाट दगड मांडले, दिशासाठी एक बुटका. शेजारची चुलतभावजय काशी बघत होती.

"कोन येतंय, भावजी?"

"हितेश, नेहा, पोरगी. सगळी."

"कवा?"

"काठ्या घेतल्यान त्यांनी. आता काय ऱ्हायलं?"

त्या दिवसांत मी चुलीपाशीही गाणं गुणगुणत होतो, हे काशीनंच मला सांगितलं.

मग एका दुपारी नम्रता आली. शहापूरची पोरगी, तिकडे हितेशच्याच गावात नर्स आहे, भावाच्या लग्नाला आली होती. स्कूटीवरून उतरली आणि पिशवीतून माझ्या हाताएवढी एक नळी काढली.

"हितेशनं दिलंय, काका."

मी तिच्या मागं रस्त्याकडे बघितलं. ती एकटीच होती. म्हटलं, सामान पुढं पाठवलं असेल. नळी उघडली तर आत कापडी खोळीत बारीक, काळ्या, चकचकीत काठ्या. मोजल्या. चारच.

"आखूड हायेत, पन चालतील," मी म्हणालो. "ही सगळ्यात बारीक दिशाला."

नम्रतानं ती माझ्या हातातून हळूच घेतली. दुसरीच्या तोंडात बसवली, ती तिसरीत, तिसरी चौथीत. काठी ओटीवरून निघून पागोळीच्या बाहेर गेली.

"चार पीस म्हंजे चार तुकडे, काका. काठी एकच."

मी काठीच्या शेंड्याकडे बघत राहिलो. मग जे इतके दिवस कुणालाच विचारलं नव्हतं ते तिला विचारलं. "येनार हायेत ना ती?"

ती गडबडली. "माझ्याकडं तसं काय बोलला नाय. तिकडं घर घेतलंय ना त्यानं आता... तुमाला ठाव असंल."

"ठाव हाय," मी म्हणालो. मला काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. "जमली का जोडायला? एकट्याला न्यायला हलकी हाय ना?"

"हलकी हाय."

मला त्याचा राग आला होता, त्या मेल्या पीसचा आला होता, आणि माझा मोठा आवाज कुठं गेला कळेना.

"हितेश, तुमी येनार कवा रे?"

"बघू, बाबा," म्हणाला, आणि या वेळी थंडीचं काही बोलला नाही.

काठी चांगली आहे. मी तिच्यावर गांडूळ लावून शिंगटी धरतो आणि खातो. वापरून झाली की सुटी करून ठेवा, नाहीतर सांधे अडकतात, असं नम्रतानं बजावलं होतं. मी करत नाही. जोडलेलीच घरात आडवी टांगून ठेवतो. सुटी केली की तिच्या चार होतात, आणि मी पुन्हा कोणाची कोणती ते ठरवायला लागतो.