सूर्यास्तानंतरचे पाणी

डॉक्टरांनी झंखनाला विचारले, "रात्रीचं पाणी किती होतं?" आणि उत्तर देण्याऐवजी तिने माझ्याकडे पाहिले.

मी तिची सासू. तिच्या पोटात जे मूत्रपिंड बसवले आहे ते माझे. ते देण्यापूर्वी प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीच्या साहेबांनी मला एकटीला आत बोलावून घरच्यांचा काही दबाव आहे का, असे विचारले होते. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अहमदाबादेत अजून जन्माला यायचा आहे, असे मी त्यांना सांगितले, आणि तिथल्या बाईंनी हसू लपवण्यासाठी पदर तोंडाला लावला. माझा मुलगा निमेष मधुमेही, झंखनाची आई केव्हाच गेलेली. घरात आणलेली मुलगी घराने सांभाळायची असते. यापलीकडे मी काही विचार केला नव्हता. उपाश्रयात साध्वींच्या दर्शनाला येणाऱ्या बायका त्याला महादान म्हणू लागल्या तेव्हा मी विषय बदलत असे.

डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला. रक्तातले क्रिएटिनिन वाढले होते आणि औषधाची पातळी उतरली होती. दोन गोळ्यांमध्ये बारा तासांचे अंतर हवे, हे शिक्षण आम्हा तिघांनाही दिलेले होते. हळूहळू सारे बाहेर आले. संध्याकाळची गोळी झंखना दिवस मावळण्याआधीच घेत होती. कारण मावळल्यानंतर ती पाण्याचा थेंब तोंडात घालत नव्हती. सकाळीही सूर्य चांगला वर आल्याशिवाय नाही.

आम्ही जैन. आमच्या घरात चोविहार आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. मी अकरा वर्षांची असल्यापासून तो पाळते आहे. शस्त्रक्रियेनंतर इस्पितळात होते तेवढे दिवसच काय ते शिरेतून चढवलेले पाणी रात्रीचे माझ्या अंगात गेले. परंतु मी तो कोणावर लादला नाही. निमेष रात्री दहाला दुकानातून येऊन जेवतो आणि मी त्याला वाढते. झंखनालाही लग्नानंतर मी कधी अडवले नव्हते.

"मग हे कुणी सांगितलं तुला?" डॉक्टरांनी तिला विचारले.

"कुणी नाही. बांची किडनी आहे ही. बांच्या नियमानंच राहिलं पाहिजे." बा म्हणजे मी.

डॉक्टर स्वतः वैष्णव, वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, हात जोडले आणि म्हणाले, "बा, नियम तुमचा. किडनी आता तिची आहे. अशी कोरडी पडत राहिली तर टिकायची नाही, आणि दुसरी कुठून आणणार?"

इतक्या वर्षांत माझ्याशी असे कोणी बोलले नव्हते.

घरी न जाता मी रिक्षा थेट उपाश्रयाकडे वळवायला सांगितली. साध्वीजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. आजाऱ्याला पच्चक्खाणात, म्हणजे घेतलेल्या व्रतात, सूट असते, औषध-पाण्याने नियम मोडत नाही, आणि तिने तर गुरूसमोर नियम घेतलेलाही नाही, असे त्यांनी झंखनाला दोनदा समजावले. झंखनाने वंदन केले आणि होकार दिला.

त्या संध्याकाळी मी स्वतः पाणी उकळून, निववून, गाळून तिच्या उशाशी झाकून ठेवले. सकाळी पाहिले तर झाकण जसेच्या तसे, पाणीही तेवढेच. दुसऱ्या सकाळीही तेच. तिने ते मोरीत ओतून मला फसवले असते तर मला कळलेही नसते. पण ती तशी मुलगी नाही. आणि खोटे न बोलणाऱ्या माणसाला धाक तरी कसा घालायचा?

मी तिला समोर बसवले. काय अडते आहे ते सांग, नाहीतर आज या घरात चूल पेटणार नाही, असे बजावले.

ती पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "बा, तुमच्याकडे आता एकच आहे. पाणी तुम्हालाही लागतं, डॉक्टरांनी तुम्हालाही सांगितलंय. तुम्ही शेजारच्या खोलीत एकावर कोरड्या झोपणार, आणि मी तुमचंच पोटात घेऊन गटागटा पाणी पिऊ? घशाखाली नाही उतरत. मी प्रयत्न केला. खरंच केला."

"मला तहान लागत नाही."

"बा, तुम्ही रात्री उठून बसता. पलंग वाजतो."

 

त्या दिवशी सूर्य मावळला, बाजूच्या देरासरातली आरती आटोपली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एक पेला भरला. झंखनाला हाक मारली. ती दारात आल्यावर तिच्यासमोर मी एक घोट घेतला. त्रेपन्न वर्षांचा नियम. घोट पोटात उतरला तेव्हा मला लोखंड गिळल्यासारखे वाटले. "झालं," मी म्हणाले, "आता तू पी."

तिने पेला माझ्या हातून घेतला, ओट्यावर ठेवला आणि माझ्या पायांशी बसून लहान मुलीसारखी रडली. एक थेंब प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाखरी घेऊन मी तिच्या खोलीत गेले, तेव्हा कळले की तिने पाण्याशिवाय उपवास धरला आहे. तिच्यापायी माझा नियम मोडला, त्याचे प्रायश्चित्त. मी तिला दटावले. दुपारी निमेषने दुकान बंद करून येऊन हातापाया पडून तिला पाणी पाजले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

त्या दुपारीच मला समजले की मी नियम पाळला तरी ती कोरडी राहणार आणि मोडला तरी राहणार. मी त्या घरात होते, एवढेच पुरेसे होते.

चातुर्मास तोंडावर आला होता. पालिताण्याच्या तीर्थाला जाऊन राहते, असे मी रात्री जाहीर केले. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका तिथल्या धर्मशाळांत चार महिने काढतात. त्यात कोणाला नवल वाटत नाही. निमेषला मात्र वाटले.

"बा, तुझी एक किडनी घेतली आणि तुला घराबाहेर काढलं, असं म्हणतील लोक."

"लोकांचं मी बघते. तू तिच्या गोळ्यांचं बघ."

माझी पिशवी भरताना झंखनाने खाखऱ्यांचे दोन डबे जास्त घातले. मी तिला म्हटले, "मी इथे असले की तू माझ्याकडे बघतेस. आता घड्याळाकडे बघ."

चातुर्मास संपून आता होळी आली. मी परतले नाही. गिरिराजावर, देवळांच्या त्या डोंगरावर, चढणे मला झेपत नाही. पायथ्याशी तळेटीला जाऊन हात जोडते आणि परत येते. खोलीत एक पलंग, एक कपाट आणि खिडकी आहे. मला नातवंड नाही. त्या औषधांवर ते कधी होईल न होईल, याविषयी मी विचारत नाही. शेजारच्या खोलीत राधनपूरच्या मंगूबेन असतात. मी मूत्रपिंड दिल्याचे त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी पहिल्या आठवड्यातच विचारले की सुनेशी पटत नाही का.

"नाही पटत," मी म्हणाले.

"मला वाटलंच. एवढं पोटातलं काढून दिलंत, तरी! आजकालच्या मुली, बाई!"

झंखनाची निंदा मी आयुष्यात प्रथमच ऐकून घेतली. खरे सांगितले असते, तर सासूच्या नियमापायी सून मरायला टेकली होती ही गोष्ट अहमदाबादला पोचायला दोन दिवस लागले नसते, आणि ती मुलगी पुन्हा उपवास धरून बसली असती.

गेल्या महिन्यात निमेषने कळवले की आकडा उतरला, पातळी जागेवर आली. बा, आता परत ये, असेही म्हणाला. मी म्हटले, बघू.

रोज अंधार पडला, मंगूबेन जप करीत बसल्या, की झंखनाचा फोन येतो. ती आधी माझ्या गुडघ्यांविषयी विचारते, मी तिच्या पायांच्या सुजेविषयी. मग मी म्हणते, "हं, घे." ती गोळी घेते, पाणी पिते. तिचे घोट मला ऐकू येतात. काल पेला खाली ठेवल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "संपलं, बा. ठेवू?"

दिवस मावळल्यापासून मी पाणी घेतले नव्हते. माझी जीभ टाळूला चिकटली होती.

"आणखी एक," मी म्हणाले, आणि तिकडे पाणी ओतल्याचा आवाज येईपर्यंत फोन कानाशी धरून बसले.